अडगळ आणि ठेव

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून एक नवे वारे वाहू लागले आहे. घरात वस्तू जितक्या कमी तितके घर सुसंस्कृत, असे मानण्याची रीत पडत चालली आहे. भिंती पांढऱ्या व मोकळ्या असाव्यात, बैठकीत एक कोच आणि एखादी कुंडी यांखेरीज काही नसावे, आणि वर्षभर ज्या वस्तूस हात लागला नाही ती निःशंकपणे घराबाहेर काढावी, असा उपदेश आम्हांस पुतण्यांकडून, सुनांकडून आणि कधी कधी शाळकरी नातवंडांकडूनही ऐकावा लागतो. उपदेश करणारी माणसे आपलीच आणि त्यांचा हेतूही चांगला. तेव्हा त्यांजवर रागावण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्या घरात चार पिढ्यांची भांडी, पोथ्या, दप्तरे व ट्रंका एकत्र नांदत आहेत, त्या घरातील वडील माणसांनी या मताचा शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

या मताचा मोठा बोलबाला झाला तो जपानातून. मारी कोन्दो नावाच्या बाईंचे घर आवरण्यावरील पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि पाहता पाहता देशोदेशी पसरले. प्रत्येक वस्तू हातात घ्यावी, तिच्या स्पर्शाने मनात आनंदाची ठिणगी पडते की नाही ते पाहावे. पडली तर वस्तू ठेवावी, न पडली तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, असा या बाईंचा विधी आहे. स्वतःजवळ आपण सुमारे तीसच पुस्तके ठेवतो, असे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले आहे. तीस पुस्तके म्हणजे आमच्या माजघरातील फडताळाचा एक खण! तथापि वस्तूंचे आभार मानण्याची कल्पना आम्हांस मनापासून आवडली. बाईंनी तारुण्यात काही वर्षे शिंतो देवळात सेवा केली होती, तेव्हा त्यांस ती सुचली यात नवल नाही. आपल्याकडे खंडेनवमीस नांगरापासून अडकित्त्यापर्यंत सर्वांस हळदकुंकू वाहतात, ते दुसरे काय आहे? फरक इतकाच की आपण पूजा करून वस्तू पुन्हा जागेवर ठेवतो, आणि त्या आभार मानून दाराबाहेर ठेवतात. पुढे तीन मुले झाल्यावर आवराआवरीचा आपला हट्ट बराच सुटला, असे २०२३ साली त्यांनीच मोकळेपणे सांगून टाकले. त्याबद्दल आमच्या मनात त्यांजविषयीचा आदर वाढला.

कोणी म्हणेल, आपल्या शास्त्रांतच अपरिग्रह सांगितलेला आहे, मग तुम्ही सामानाची तरफदारी कशी करता? योगसूत्रांत पाच यमांमध्ये अपरिग्रहाची गणना आहे हे खरे. पण तो साधकाचा नियम असून त्याचा रोख लोभावर आहे. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या व्रताचे दोन थोर आचरणकर्ते होऊन गेले. विनोबांनी १९१६ साली आपली प्रमाणपत्रे आईदेखत चुलीत घातली, ती त्या जागी नवी आणण्यासाठी नव्हेत. आज जे चालले आहे त्याची जात निराळी आहे. सकाळी कबाड्यास पितळी डबे किलोने घालावे आणि सायंकाळी त्यांच्या जागी प्लास्टिकचे डबे खोक्यातून घरपोच यावे, यास अपरिग्रह म्हणणे म्हणजे त्या शब्दाची थट्टा होय. दुसरे थोर पुरुष सेवाग्रामचे. महात्माजींजवळ स्वतःचे म्हणून किती थोडे होते हे सर्वश्रुत आहे; आणि तरीही बापूकुटीत त्यांच्या नित्याच्या वापरातील साध्यासुध्या वस्तू आज इतक्या वर्षांनंतरही जपून ठेवलेल्या आहेत, व दूरदूरची माणसे त्या पाहावयास येतात. ज्याने संग्रह केला नाही त्याच्याही वस्तूंचा संग्रह मागच्यांस करावासा वाटला, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण याहून जवळचे आहे. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी यवतमाळास शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली आणि जुनी हस्तलिखिते जमविली. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. महानुभावांच्या पोथ्यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. म्हाइंभटांनी रिद्धपुरास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली, आणि मागच्या शिष्यांनी ज्याला जे आठवत होते ते एकत्र करून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. एकदा पोळलेल्या या लोकांनी पुढे ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले, मठामठांतून बांधून ठेवले, थेट पंजाबापर्यंत नेले. शेकडो वर्षे त्या पोथ्यांस बाहेरच्याचा हात लागला नाही. वर्षभराचा नियम लावला असता तर त्या पहिल्याच दिवाळीस गेल्या असत्या, आणि मराठीचे आद्य गद्य म्हणून आज आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते आपणांस ऐकूनही ठाऊक नसते.

पूर्वीचा लेखक पोथी लिहून झाल्यावर शेवटी पोथीच्याच तोंडी एक विनवणी घालीत असे. तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असा तिचा आशय. दुसऱ्या एका श्लोकात तो सांगतो की, पाठ मोडली, कंबर मोडली, मान खाली घालून दृष्टी गेली, तेव्हा कोठे हे लिहून झाले. तरी सांभाळ करावा. शाळेत संस्कृत शिकविताना आम्ही हे श्लोक मुलांस मुद्दाम सांगत असू. त्यांत रद्दीच्या भावाचा उल्लेख नाही, एवढाच काय तो त्यांचा उणेपणा.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. वाईस एका घरात पडून राहिलेली पानिपताच्या सुमाराची पत्रे त्यांच्या हाती लागली व त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड निघाला. ते कागद ज्यांच्या घरी होते, त्यांस त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांनी ते फक्त टाकले नव्हते.

पण कागदपत्रांचे महत्त्व पटविणे सोपे आहे. कठीण आहे ते भांड्याकुंड्यांचे. पुण्यास शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, ते वाचकांनी सहकुटुंब अवश्य पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या स्मरणार्थ त्यांनी आपला संग्रह वाढविला. संग्रह कशाचा? राजेरजवाड्यांच्या रत्नांचा नव्हे. अडकित्ते, समया, लामणदिवे, दौती, कुंकवाचे करंडे, किसण्या, पाय घासावयाच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे! ज्या वस्तू आपल्या आज्यांनी रोज हाताळल्या आणि आपल्या आयांनी माळ्यावर टाकल्या, त्या या गृहस्थाने घरोघर व बाजारोबाजार हिंडून गोळा केल्या, आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. तेथे एकेका अडकित्त्यापुढे उभे राहिले म्हणजे वाटते की, सुपारी फोडण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी घोडा, मोर, मिथुन घडविणारा तो लोहार किती आनंदात असेल! नव्या घरांतील मोकळ्या भिंतींवर हा आनंद कोठे टांगावयाचा?

आता थोडे आमच्या घरचे. दारव्ह्यास आमचा जुना वाडा आहे. त्याची पूर्वेकडील मातीची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी फुगली आणि धाकट्या बंधूंच्या वाट्याची ओसरी उतरवून घेणे भाग पडले. तिच्या माळ्यावर काय काय होते याची मोजदाद कोणी केली नव्हती. घंगाळे, गुंड, मोडका पाळणा, कल्हई उडालेली पातेली, निर्णयसागरच्या छापाची काव्ये, आमच्या आजोबांनी वर्गणी भरून घेतलेले केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, आणि फडक्यात बांधलेली पंचांगांची गाठोडी. पुण्याहून पुतण्या आला होता. तो म्हणाला, “काका, पुस्तके सारी आता मोबाइलवर मिळतात. भांड्यांचे काय करायचे ते तुम्ही बघा. पण निदान ही पंचांगे तरी जाऊ द्या. शंभर वर्षांपूर्वीची एकादशी कोणाला पाहिजे आहे?” प्रश्न बिनतोड होता. कबाडी दाराशी येऊन तागडी मांडून बसलाच होता.

गाठोडी सोडण्याचे काम पुतण्याच्या पत्नीकडे होते. ही मुलगी संगणकाच्या कंपनीत काम करते, आणि घरात वस्तू कमी असाव्यात हे मत आमच्या घरात प्रथम तिनेच आणले, हे येथे सांगितले पाहिजे. तिने एक पंचांग बाजूस काढून ठेवले. का, असे विचारता ती म्हणाली, “यात कडेला कोणीतरी हाताने लिहिले आहे. मला वाचता येत नाही, पण छापलेल्यापेक्षा हे निराळे आहे.” ते शके १८४० चे पंचांग होते आणि कडेचे लिहिणे मोडीत, आमच्या आजोबांच्या हातचे होते.

शके १८४० म्हणजे इसवी सन १९१८. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीस आपल्याकडे मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडास तिचा तडाखा फार मोठा बसला. हे सर्व आम्ही पुस्तकांत वाचले होते. पण आश्विन वद्य तृतीयेपुढे आजोबांनी लिहिले होते, “मातोश्री”. षष्ठीपुढे, “चिरंजीव, वय वर्षे दोन”. आणि एकादशीपुढे एका स्त्रीचे नाव, व त्याखाली “प्रातःकाळी”. नऊ दिवसांत तीन नोंदी. पान उलटल्यावर कार्तिकात सरकीचा भाव आणि गाय व्याल्याची नोंद आहे. अधिक एक अक्षर नाही.

ते नाव आम्ही कोणीच कधी ऐकले नव्हते. आजोबांचे प्रथम कुटुंब लवकर निवर्तले, एवढे ठाऊक होते. आमची आजी ही दुसरेपणाची. पहिलीची प्रतिमा कोरलेला लहानसा टाक दुसरीने गळ्यात घालावा अशी पूर्वी चाल होती, त्याप्रमाणे आजीच्या गळ्यात तो असे, आणि तिच्यामागे तो आमच्या देवघरात आला. लहानपणी आम्ही मुले तो टाक देवीचा समजून त्यास फुले वाहत होतो. देवघरात शंभर वर्षे प्रतिमा होती व तिला नाव नव्हते. माळ्यावर नाव होते व ते कोणाचे हे सांगावयास कोणी उरले नव्हते. कबाड्याच्या तागडीत ते गाठोडे पडले असते, तर त्याचे पाच-पंचवीस रुपये आले असते. तेव्हापासून भाद्रपदात अविधवा नवमीस त्या नावाने आमच्याकडे सवाष्ण जेवते. नाव घरगुती असल्याने येथे देत नाही.

यावर पुतण्याने सुचविले की, सर्व पंचांगांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवावीत. आम्ही आनंदाने संमती दिली. छायाचित्रांस आमचा विरोध मुळीच नाही. जी जुनी पुस्तके पाहावयास आम्हांस पूर्वी नागपूर-पुण्याच्या ग्रंथालयांत खेटे घालावे लागत, ती आज घरबसल्या वाचता येतात, हा मोठाच उपकार आहे. चित्रे पुण्यास, बंगलोरास आणि अमेरिकेतील चुलत भावंडांस गेली. गंमत अशी की, चित्रे हाती पडताच मूळ पंचांग आपणांस मिळावे अशी तिघांची पत्रे आली! जे सहा महिन्यांपूर्वी किलोने जाणार होते, त्यासाठी वाटणीच्या वेळी झाला नसेल इतका आग्रह झाला. शेवटी वडीलधाऱ्यांनी ठरविले की, ज्या सुनेने ते ओळखले तिच्याकडेच ते राहावे. तिच्या पुण्याच्या मोकळ्या घरात आज ते एका काचेच्या कपाटात आहे, आणि त्या कपाटात दुसरे काही नाही. आम्ही यावर काही बोललो नाही.

एका बाबतीत मात्र नव्या मताच्या बायकांची बाजू घेतलीच पाहिजे. वस्तू जपाव्यात असे व्याख्यान देणारा बहुधा पुरुष असतो आणि धूळ झाडणारी बाई असते. घंगाळ चिंचेने घासावे, समया उजळाव्या, पुस्तकांस ऊन द्यावे, ट्रंकांत कडुनिंबाचा पाला व वेखंड घालावे, हे सारे कोणी करावयाचे? जुन्या घरांत गडी होते, कल्हईवाला दारावर येत असे, हाताखाली चार लेकीसुना असत. आज सून कचेरीत जाते. ज्या पुरुषास आजोबांचे ग्रंथ हवे असतील, त्याने ते स्वतः झाडावे, हे न्यायाला धरून आहे. आमच्याकडे पावसाळा संपला की आश्विनातील कडक उन्हात पुस्तके अंगणात खाटांवर मांडण्याचे काम पुरुषांचे ठरले आहे. एका दिवसात होत नाही, तीन दिवस लागतात. याचे कारण पुस्तके फार आहेत हे नव्हे. प्रत्येक जण एखादे उघडून वाचीत बसतो! मागील खेपेस एका खंडात दारव्हा ते मूर्तिजापूर असे जाड पुठ्ठ्याचे रेल्वेचे तिकीट खुणेसाठी घातलेले निघाले. आमच्या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले आणि आता तर ती गाडीही नाही. तिकीट होते तेथेच पुन्हा ठेवले आहे. वाचणारा ज्या पानावर थांबला ते पान आपण का हलवावे?

वाळवीविषयी दोन शब्द. काळ्या जमिनीतील मातीच्या घरांस हिचा उपद्रव फार. कपाट भिंतीस टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे आणि वर्षातून दोनदा सर्वांत खालचा खण रिकामा करून पाहावा. वाळवी वरून येत नाही. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, वाळवी नव्हे. तिच्यासाठी जाणत्या माणसासच बोलवावे.

सर्वच ठेवावे असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. आमच्या माळ्यावर बिनदांडीच्या अकरा छत्र्या, बंद पडलेले तीन पंखे आणि मिठाईच्या रिकाम्या खोक्यांचा डोंगर होता. तो गेला तेव्हा कोणी हळहळले नाही. उपयोग संपला आणि आठवणही नाही, अशी वस्तू म्हणजे अडगळ. पण उपयोग संपला तरी आठवण आहे, किंवा वर्षातून एकच दिवस का होईना उपयोग आहे, ती ठेव. विदर्भातील घरांत महालक्ष्म्यांचे मुखवटे, त्यांच्या कोठ्या व साड्यांची ट्रंक वर्षातले तीन दिवस सोडून सारा काळ माळ्यावर असते. वर्षभराचा हिशेब मांडणाऱ्याने यांचे काय करावे? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तसाच. आमच्या घरचा नंदी आमच्या वडिलांनी ओढला, आम्ही ओढला, मुलांनी ओढला. त्याचे एक शिंग गेले आहे व एक चाक दुसऱ्याच लाकडाचे आहे. बंगलोरहून आलेल्या सहा वर्षांच्या नातीने नव्या रंगीत नंदीस हात लावला नाही. “मला बाबांचावाला पाहिजे,” म्हणून ती हटून बसली. तिला कोणी काही शिकविले नव्हते.

पुस्तके देऊन टाकावयाची झाली तर कोणास द्यावी, हा खरा कठीण प्रश्न आहे. १९७३ साली आणि पुन्हा २०१९ साली ज्या यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरले, तेथेही जुने ग्रंथ घ्यावयास सहसा कोणी तयार नसते. जागा नाही, असे ग्रंथपाल नम्रपणे सांगतात, व ते खोटे नाही. आमच्या एका दिवंगत स्नेह्याचे ग्रंथ त्यांच्यामागे तेराव्याच्या आत हातगाडीवर गेले. त्यांत त्यांनी चाळीस वर्षे समासांत टिपणे केलेले रघुवंशही होते. मुलांचा दोष म्हणावा तर त्यांस कोणी कधी सांगितलेच नव्हते. मार्गारेटा माग्नुसन नावाच्या स्वीडनच्या एका वृद्ध बाईंनी २०१७ साली पुस्तक लिहून सांगितले की, म्हाताऱ्यांनी आपल्या सामानाची व्यवस्था हयातीतच लावावी, मागच्यांवर टाकू नये. हे मत आम्हांस पटले. म्हणून गेल्या चैत्रापासून आम्ही एकेक वस्तू काढून तिच्यावर चिठ्ठी बांधीत आहो: कोणाची, कोठून आली, केव्हाची, पुढे कोणास द्यावी. घंगाळ आजीच्या माहेरचे, वणीचे. दौत पणजोबांची, कुळकर्णाच्या दप्तरातील. ज्ञानकोश धाकट्या पुतण्यास, कारण तो मागतो. दुहेरी झालेले शब्दकोश गावच्या शाळेस.

आतापर्यंत दोनशे चौदा चिठ्ठ्या झाल्या. एकच वस्तू अडली आहे. पितळेची, वीतभर लांब, एका टोकास बारीक छिद्रांची वाटोळी चकती व दुसऱ्या टोकास आकडा, मध्ये मळसूत्र. तीर्थरूप वहिनींस विचारले, तर त्या म्हणतात स्वयंपाकघरातील आहे. गावच्या वयोवृद्ध सोनारास दाखविली, तर तो म्हणतो मुळीच नाही. केळकर संग्रहालयातही तशी पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. कोणा वाचकाच्या घरी अशी वस्तू असल्यास, अथवा तिचे नाव व उपयोग ठाऊक असल्यास, संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. चिठ्ठी कोरी ठेवली आहे.